पाट्या काढण्याआधी नकाशा काढा : फाब्रिक समितीला खुले पत्र

माननीय पाद्री व्हिगार आणि चर्चीची मालमत्ता सांभाळणाऱ्या फाब्रिक समितीचे सर्व सभासद यांस,
(प्रत : ग्रामपंचायत)

सप्रेम नमस्कार.

चर्चीच्या फलकावर लागलेली नोटीस एव्हाना गावात सगळ्यांनी वाचली आहे. सिमितेरीतल्या, म्हणजे चर्चीच्या दफनभूमीतल्या, जुन्या थडग्यांवर ज्यांचा हक्क आहे त्यांनी तीस दिवसांत जागा विकत घेतल्याची पावती घेऊन कार्यालयात यावे. ज्यांचा कोणी येणार नाही त्या थडग्यांच्या पाट्या, क्रूस आणि चिऱ्यांचे कठडे काढून जागा सपाट होईल, वर पेव्हर बसतील आणि २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आत काम पुरे होईल, असा तिचा मजकूर आहे. जागा अपुरी पडते हे खरे. पावसात मागच्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी साचते आणि गवतात जनावर निघते, हेही खरे. काम करू नका असे कोणीच म्हणत नाही. ज्या क्रमाने ते करायचे ठरले आहे, तो मात्र मुकाट्याने मान्य करता येत नाही.

समोरासमोर बोललो असतो तर कोंकणीत बोललो असतो. पत्र मराठीत लिहितो, कारण गावातली निम्मी घरे मराठी पेपर वाचतात आणि या सिमितेरीशी त्या घरांचाही संबंध आहे. आपल्या कोमुनिदादीत (गोव्यातली गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) एकाच वांगडात, म्हणजे गावकर घराण्यांच्या एकाच गटात, हिंदू गावकर आहेत आणि ख्रिस्ती गावकरही आहेत. सोळाव्या शतकात जे धर्मांतर करून राहिले त्यांचे वंशज इथे पुरले गेले. जे देव घेऊन निघाले त्यांची नावे आज खाडीपलीकडच्या देवस्थानांच्या महाजनांच्या यादीत सापडतात. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, त्यांच्याबरोबर घराणीही गेली. अशा घराण्याची वंशावळ मांडायची तर देवस्थानाची यादी, नोतारीकडचे दस्त, कोमुनिदादीची जोणाची (गावकरांच्या वार्षिक वाट्याची) पुस्तके आणि ही सिमितेरी अशी चार टोके जुळवावी लागतात. पहिली तीन कपाटात आहेत. चौथे टोक उघड्यावर आहे आणि तेवढेच मोडायला निघाले आहे.

समितीचे म्हणणे कानावर आले ते असे : मृत्यूंची पुस्तके आहेतच, मग पाट्या गेल्या म्हणून काय बिघडले? वरवर हे पटण्यासारखे आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

पुस्तकात या गावात ज्याला माती मिळाली त्याचीच नोंद होते. आपल्या गावची अर्धी माणसे बाहेर मेली. मुंबई, कराची, नैरोबी, दार-एस-सलाम, बैरा ही गावे आपल्या पाट्यांवर जागोजाग आहेत. बापाच्या थडग्यावर खालच्या दोन ओळींत परदेशी मेलेल्या मुलाचे नाव कोरलेले असते आणि पुढे 'फालेसिदो एं' (इथे निधन) करून तिथल्या शहराचे नाव. त्या मुलाची आपल्या मृत्यूच्या पुस्तकात एक ओळही नसते, कारण तो इथे पुरलाच गेला नाही. तो कुठे गेला, कधी गेला, हे सांगणारा गावात एवढाच दगड आहे. तो फोडून पेव्हरखाली भरीला घातला की त्या शाखेचा माग तिथेच बुजला.

दुसरे, आडनावांचा घोळ. पोर्तुगीज अमलात सख्ख्या भावांची आडनावेही वेगवेगळी लागलेली आढळतात. एकाला बापाकडचे, दुसऱ्याला आईकडचे. उलट एकच आडनाव असलेली दोन घरे पूर्णपणे परकी असू शकतात, कारण धर्मांतराच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव लागले. पुस्तकात ही नावे तारखेच्या क्रमाने पडतात. एक इथे, दुसरे चाळीस पानांनी पुढे, आणि जोडणारा धागा कुठेच नाही. सिमितेरीत मात्र ती एका कठड्यात शेजारी शेजारी असतात. 'जाझिगो दे फामिलिया' (कुटुंबाचे थडगे) अशी एक पाटी आणि तिच्याभोवती तीन आडनावांची माणसे, हे दृश्य नुसत्या पुस्तकावरून कोणालाही उभे करता येणार नाही. म्हणूनच पाट्या जपून एका भिंतीला लावून ठेवू, ही काही सभासदांनी सुचवलेली तडजोडही अपुरी आहे. पाटी कुठे होती आणि कोणाच्या शेजारी होती, हे हरवले की निम्मी माहिती गेली.

याचा अनुभव गावाला एकदा आला आहे. थडगी पूर्वी चर्चीच्या आतच असत. आत पुरण्याची चाल बंद करून उघड्यावर सार्वजनिक दफनभूमी करण्याचा पोर्तुगीज हुकूम १८३५ चा. त्याच्या आधीची माणसे चर्चीच्या जमिनीखाली आहेत आणि त्या फरश्यांवर क्रमांक कोरलेले होते. जुन्या नोंदींत 'सेपुल्तुरा नुमेरो अमुक' (थडगे क्रमांक अमुक) एवढेच लिहिलेले असते. पुढे कधीतरी जमिनीला गुळगुळीत टाइल बसल्या, क्रमांक खाली गेले आणि आधी कोणी नकाशा काढला नाही. आज पुस्तकात क्रमांक आहे, जमिनीवर नाही. तीच गोष्ट आता बाहेर होणार आहे.

पाटीचा उपयोग नक्की कसा होतो हे समितीतल्या तरुण सभासदांसाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण लिस्बनच्या कागदांसाठी, म्हणजे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी, पणजोबांचा जन्म शोधणारी माणसे शेवटी त्यांच्याच दारात येतात. पाटी हा कायद्याने पुरावा नव्हे. ती शोधाची जागा आखून देते. पाटीवरून मृत्यूची तारीख मिळते. त्या तारखेने मृत्यूचे पुस्तक उघडले की वय, आईबापांची नावे, नवऱ्याचे किंवा बायकोचे नाव आणि वाडा मिळतो. वय वजा करून जन्माचे साल काढायचे आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच वर्षे धरायची, कारण म्हाताऱ्या माणसाचे वय सांगणारे ते अंदाजे साठ, सत्तर असे गोल आकड्यात सांगत. मग बाप्तिस्म्याचे पुस्तक. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदीत बहुधा दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावेही असतात, म्हणजे एका पानावर तीन पिढ्या. तिथून लग्न. ते बहुतेक वेळा नवरीच्या चर्चीत लागलेले असते, म्हणून शोध दुसऱ्या गावी जातो. १९१४ पासून सगळ्या धर्मांच्या माणसांची नागरी नोंद तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात मिळते. त्याच्या मागे जायचे तर चर्चीची पुस्तके आणि सिमितेरी यांनाच धरावे लागते. पाटी नसेल तर माणूस साल न कळता पुस्तके चाळत बसतो. कुरतडलेली, शाईने खाल्लेली पाने पुन्हा पुन्हा उलटली जातात आणि आधीच जीर्ण झालेल्या पुस्तकाचे आयुष्य आणखी घटते.

आता बाकीच्या तक्रारी.

तीस दिवसांची मुदत ऐन पावसात दिली आहे. नोटीस एकाच फलकावर, तीही चर्चीच्या दारात. ज्यांची जुनी थडगी आहेत त्यांतले बहुतेक लोक इंग्लंडात, आखातात नाहीतर मुंबईत. ते गावी येतात २ नोव्हेंबरला, डिसेंबरच्या ३ तारखेला जुन्या गोव्याच्या फेस्तासाठी आणि नाताळात. म्हणजे दावा करणारे यायच्या आधीच दावा न आल्याचे जाहीर होणार. पावतीची अटही अशीच. शंभर वर्षांपूर्वी फोंड (थडग्याची जागा) विकत घेतला त्याची पावती आज ज्याच्या घरात असेल त्याचे कौतुक करावे. मूळ नोंद समितीच्याच हिशेबाच्या वहीत असायला हवी. ती वही उघडायची सोडून लोकांना पावती मागणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे आहे.

पाट्यांची नासाडी मात्र नोटिशीच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि तिच्यात वाईट हेतू कोणाचाच नाही. दर ऑक्टोबरात साफसफाई होते. चुन्याचा हात सरसकट फिरतो आणि कोरलेली अक्षरे थराथराने बुजतात. चुना निदान पाण्याने आणि बोटाने सुटतो. अलीकडे प्लास्टिक रंग लागतो, तो सुटत नाही, शिवाय आत ओल कोंडून चिऱ्याचे पोपडे काढतो. मग पेंटर बुजलेल्या अक्षरांत काळा रंग भरतो. त्याला पोर्तुगीज येत नाही, दोष त्याचा नाही. पण १ चा ७ होतो, ३ चा ८ होतो आणि १८९१ मध्ये मेलेला माणूस १८९७ मध्ये मरतो. जुन्या पाट्यांवर सप्टेंबर लिहिताना सातचा आकडा आणि पुढे 'ब्रो' अशी खूण असते. ऑक्टोबरला आठ, नोव्हेंबरला नऊ, डिसेंबरला रोमन दहा. ती न कळल्याने कोणी सातवा महिना धरून जुलै केलेला आहे. तळाशी पी. एन. ए. एम. अशी चार अक्षरे असतात. 'पाद्रे नोस्सो, आव्हे मारीया' म्हणा अशी ती वाचणाऱ्याला विनंती. ती मृताच्या नावाची आद्याक्षरे समजून वर नावाला जोडल्याचेही दिसते.

संगमरवर उजळ करायला ॲसिड वापरले जाते. ॲसिड टाकल्यावर जो फेस येतो तो मळाचा नसतो, दगडच विरघळत असतो. दोन-तीन वेळा झाले की अक्षरांच्या कडा गोल होतात. काही संगमरवरी पाट्यांवर अक्षरांत शिसे ठोकलेले होते. शिसे गळून पडले तरी ते धरून ठेवणारी बारीक भोके राहतात आणि भोकांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येते. आमच्या सिमितेरीत मागच्या वेळी अशा एका पाटीची भोके पांढऱ्या सिमेंटने लिंपून टाकली. आता ती पाटी कोरी आहे. चिऱ्यांच्या कठड्यांना सिमेंटचा गिलावा केला तर तीन हजार मिलिमीटर पावसाचे पाणी चिऱ्यात शिरते ते बाहेर पडत नाही, क्षार फुटतात आणि चार-पाच वर्षांत गिलाव्यासकट चिरा ढासळतो. इथे शिंपल्यांचा चुना वापरत होते ते उगाच नव्हे.

आणि जे गरीब होते त्यांच्याबद्दल. विकत घेतलेला फोंड नसेल तर तीन-चार वर्षांनी हाडे काढून भिंतीतल्या कोनाड्यात नाहीतर सामाईक खड्ड्यात ठेवतात आणि जागा पुढच्याला जाते. ही रीत जुनी आहे, जागेच्या मानाने आवश्यकही आहे. त्या थडग्यांवर फक्त काळा रंग दिलेला लाकडी क्रूस असतो, त्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि दोन तारखा. दोन-तीन पावसांत वाळवी आणि ओल त्याचा निकाल लावतात. हाडे कुठल्या थडग्यातून काढली आणि कुठल्या कोनाड्यात ठेवली, ही नोंद ठेवली जात नाही. कोनाड्याची पाटी बदलताना जुनी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला नवे नाव कोरले जाते. म्हणजे काही पाट्यांना दोन तोंडे आहेत, एक भिंतीकडे. पाट्या काढाल तेव्हा प्रत्येकीची मागची बाजू बघा, एवढे तरी कंत्राटदाराला सांगाच.

आता मागण्या.

काम ६ जानेवारीनंतर सुरू करावे. नोटीस मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत काढून पंचायतीच्या फलकावर, कोमुनिदादीच्या कार्यालयात आणि वर्तमानपत्रात द्यावी. परदेशातल्या गावकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवरही टाकावी. पावतीऐवजी समितीची जुनी हिशेबवही ग्राह्य धरावी. पाणी साचते तो कोपरा तेवढा आत्ता घ्यायला हरकत नाही, फक्त तिथल्या थडग्यांची नोंद आधी करून. गटार भिंतीच्या बाहेरून काढले तर एकही थडगे हलवावे लागणार नाही, हे कोणत्याही गवंड्याला जागेवर कळेल.

एकही दगड हलण्याआधी पुरा नकाशा व्हावा. त्याला खर्च फारसा नाही. ३० मीटरची टेप, चौकड्यांचा कागद, जाड पुठ्ठा, फूटभर रुंद आरसा आणि दोन माणसे. दारापासून कपेलाच्या (सिमितेरीतल्या छोट्या प्रार्थनाघराच्या) पायरीपर्यंत एक दोरी ताणायची, ती आधाररेषा. प्रत्येक थडग्याच्या उशाचा मध्य त्या रेषेपासून किती आत आणि दारापासून किती लांब, हे दोन आकडे घ्यायचे आणि एक सेंटिमीटरला एक मीटर या मापाने कागदावर मांडायचे. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नये. त्याची चूक चार-पाच मीटरची असते आणि आपल्याकडे दोन थडग्यांत हातभर अंतर आहे. ओळीला अक्षर, थडग्याला आकडा, आणि तोच क्रमांक फोटोत दिसेल अशी पाटी धरायची. फोटो तीन : शेजारच्या थडग्यांसकट पूर्ण, पाटीसमोर सरळ उभे राहून, आणि लेख जवळून, बाजूला मोजपट्टी ठेवून.

झिजलेली अक्षरे समोरच्या उजेडात दिसत नाहीत, बाजूने पडणाऱ्या तिरप्या उजेडात दिसतात. सकाळी नऊच्या आत नाहीतर साडेचारनंतर जावे. ऊन वेडेवाकडे असेल तर पाटीवर छत्रीची सावली धरून आरशाने उजेड कडेने टाकावा. रात्री टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून धरली तर दिवसा कोरी दिसणारी पाटीही वाचता येते. धुवायचे तर साधे पाणी आणि मऊ ब्रश, खालून वर, म्हणजे मळाचे ओघळ कोरड्या दगडात जिरत नाहीत. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच, प्रेशरचा पंप वर्ज्य. अक्षरांत खडू किंवा पीठ भरून फोटो काढायची सवय काहींना आहे, तीही नको. पीठ आत राहिले की पहिल्याच पावसात बुरशी धरते.

लेख उतरवताना जसा आहे तसा उतरवावा. जुने शुद्धलेखन सुधारू नये, ओळ मोडते तिथे तिरपी रेघ द्यावी, न लागणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब ठेवावे आणि शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. पेंटरने भरलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता खालची खाच बोटाने चाचपावी. लहान सिमितेरीला दोन-तीन रविवार पुरतात.

जे थडगे खरोखर हलवावेच लागेल, त्याचा दगड मागच्या बाजूला क्रमांक लिहून भिंतीलगत लाकडी पट्ट्यांवर उभा ठेवावा. आडवा रचू नये, तडकतो. कंत्राटात एक कलम असावे की पाटी, कठडा किंवा क्रूस समितीच्या लेखी परवानगीशिवाय आवाराबाहेर जाणार नाही. संगमरवराच्या जुन्या लाद्या कुठे कुठे पायरी आणि धुण्याचा दगड होऊन बसल्या आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. नावे घेत नाही. परत आणून देणाऱ्याला काही विचारू नये, असे समितीने जाहीर करावे.

पुस्तकांबद्दल थोडकेच. चर्चीत आहेत त्यांचे फोटो घ्यावेत, सेलोटेप आणि लॅमिनेशन लगेच थांबवावे, महिन्यातून एक दिवस ठरवून फोटोवरून शोध घेऊ द्यावा. अलीकडच्या नोंदी बंद ठेवणे योग्यच आहे. पोर्तुगालात जन्माच्या नोंदी १०० वर्षांनी, लग्नाच्या ५० आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी नोंदणी कार्यालयातून पुराभिलेखागारात जातात, तोच नियम आपणही धरावा. नकाशाची आणि लेखांची एकेक प्रत पंचायतीला, एक कोमुनिदादीला आणि एक पणजीच्या पुराभिलेखागाराला द्यावी. त्या दप्तराची सुरुवात १५९५ ची, दियोगो दो कोउतोच्या हातची. चारशे वर्षांहून जुने दप्तरखाने असलेल्या या प्रदेशात आपल्या सिमितेरीचा एक कागदी नकाशा नसावा, याचे नवल वाटते.

मोजणीला, फोटोंना आणि पोर्तुगीज वाचायला गावात माणसे तयार आहेत, हिंदू घरांतलीही. टेप आणि कागद आम्ही आणू. समितीने चावी आणि एक सभासद द्यावा. येत्या रविवारच्या मिसानंतर उत्तर फलकावर लावावे, आणि तोवर कंत्राटदाराला कामाचा आदेश देऊ नये.

आपला,
याच कोमुनिदादीच्या तिसऱ्या वांगडातला एक गावकर